तिसऱ्या माणसाचा कचरा

बारकी हे तिचं खरं नाव नव्हे. कामाला लागली तेव्हा ती काडीसारखी होती, झाडू तिच्यापेक्षा उंच दिसायचा, म्हणून कुणीतरी बारकी म्हटलं आणि ते चिकटलं. त्याला आता बावीस वर्षं झाली. अंगानं ती चांगली भरली, गाडीच्या पायरीवर चढताना 'आई गं' म्हणायला लागली, तरी चौकीत हजेरी घेताना मुकादम "बारकी!" अशीच हाक मारायचा आणि नवी माणसं इकडेतिकडे बघायची, की ही बारकी म्हणजे नेमकी कोण.

पालिकेच्या कचरागाडीवर तिचं काम. गल्लीत गाडी थांबली की दारोदार ठेवलेल्या पिशव्या उचलायच्या, गाडीच्या मागच्या तोंडात टाकायच्या, ते भरलं की बाजूचा दांडा ओढायचा. मग आतली लोखंडी पाटी कुरकुरत खाली यायची आणि सगळं चेपून पोटात घ्यायची. गाडी चालवायला एक ड्रायव्हर होता, निवृत्तीला आलेला, तोंडाचा फटकळ. बारा वर्षं दोघं एकाच गाडीवर होते.

इतकी वर्षं लोकांचा कचरा उचलला की माणसं न बघताही कळायला लागतात. कुठल्या घरात बाळ आलं, कोण लपून पितं, कुठल्या घरात दोघांचं बोलणं बंद आहे, सगळं पिशवीत असतं. बारकी मुद्दाम पिशव्या उघडायची नाही. पण पिशव्या पातळ, त्या फाटायच्याच, आणि ओला-सुका वेगळा करताना हात आत घालावाच लागायचा. हातमोजे मिळायचे ते कांद्याच्या सालीसारखे.

"तू इथे कशाला आलीस? पोलिसांत जायचंस," ड्रायव्हर म्हणायचा.

"तिथे वास कमी असतो का?"

एका गल्लीच्या टोकाला पिवळ्या फाटकाचं दुमजली घर होतं. तिथे एक निवृत्त कंपाउंडर आणि त्याची बायको, दोघंच राहायचे. मुलगा परदेशात असतो, असं सगळी गल्ली सांगायची. कंपाउंडर पांढऱ्या दाढीचा, टापटिपीचा माणूस. पिशवीचं तोंडसुद्धा दोऱ्यानं नीट बांधून ठेवायचा.

वर्षभरापासून त्या पिशवीत काहीतरी बदललं होतं. आधी ती जड झाली. मग दाढीची पाती यायला लागली, आणि कंपाउंडर तर दाढी ठेवायचा. एकदा पिशवी फाटली तेव्हा कात्रीनं कापलेल्या काळ्याभोर केसांचा पुंजका बाहेर आला. घरातली दोन्ही डोकी पांढरी. औषधांच्या रिकाम्या पट्ट्या असायच्या, आणि प्रत्येक पट्टीवरचा नावाचा भाग कापून काढलेला असायचा. औषधाचं नाव लपवून मग पट्टी फेकणारं घर बारकीनं आजवर पाहिलं नव्हतं.

"त्या घरात तिसरं कुणीतरी राहतंय," ती ड्रायव्हरला म्हणाली.

"भूत असेल."

"भूत दाढी करत नाही."

ड्रायव्हर खो खो हसला. तिला मात्र हसू आलं नाही. वरच्या मजल्याच्या खिडकीला कायम पडदा असायचा. गाडी थांबली की तो पडदा एका कडेला जरासा हलायचा, आणि ती पाठ फिरवून निघाली तरी मानेवर कुणाची तरी नजर टेकल्यासारखं तिला गल्ली संपेपर्यंत वाटत राहायचं.

मग तो दिवस आला. पिवळ्या फाटकाची पिशवी उचलून ती वळली, पिशवी झोक्यानं मांडीवर आपटली आणि मांडीत काहीतरी शिरलं. काट्यासारखं नाही. खोल आणि थंड. तिनं खाली पाहिलं. पिशवीतून एक जाड सुई बाहेर येऊन पायजम्यातून आत गेली होती. मागे नळी तशीच लावलेली होती आणि नळीच्या तळाशी लालसर थेंब होता.

"ड्रायव्हर," ती म्हणाली. आवाज इतका हळू होता की त्याला ऐकू जायला नको होतं. पण तो उतरून आला.

त्यानं पिण्याच्या पाण्याची बाटली तिच्या पायावर रिकामी केली, समोरच्या घरातून साबण मागून आणला. मग मुकादमाला फोन लावला. मुकादम म्हणाला, सगळ्यांनाच टोचतं, पट्टी बांधा आणि पुढे चला, दोन गल्ल्या राहिल्यात.

"गल्ल्या कुठे पळून जात नाहीत," असं म्हणून ड्रायव्हरनं फोन बंद केला आणि अर्धी भरलेली गाडी तशीच सरकारी दवाखान्याकडे वळवली.

दवाखान्याच्या फाटकावर रखवालदार धावत आला. "कचऱ्याची गाडी मागच्या दारानं! मागच्या दारानं!"

"कचरा न्यायला नाही आलो," ड्रायव्हर ओरडला, "माणूस आणलंय!"

डॉक्टरीण तरुण होती, डोळ्यांखाली काळी वर्तुळं होती, पण तिनं बारकीला खुर्चीवर बसवून सगळं सरळ सांगितलं. रक्तातून जाणारी कावीळ असते, तिच्या दोन तऱ्हा. आणि एचआयव्ही. टोचलेल्या शंभरांत एखाद्यालाही होत नाही, पण आपण वाट बघायची नाही. अठ्ठावीस दिवस गोळ्या, आज आत्तापासून. काविळीची लस घेतलीय का कधी?

"कोण देणार?" बारकीनं विचारलं.

डॉक्टरणीनं मान खाली घालून काहीतरी लिहिलं. "सुई कुणाची होती, कळेल का? त्या माणसाची तपासणी झाली तर बरं. निदान त्याला कुठली औषधं चालू आहेत ते तरी. काही औषधं काही माणसांवर चालेनाशी होतात. ज्या औषधाला त्याच्या अंगातला विषाणू दाद देत नाही, ते तुम्हाला देऊन उपयोग नाही."

बारकीच्या डोळ्यांपुढे कापलेल्या पट्ट्या आल्या.

दुपारी ती एकटीच पिवळ्या फाटकाशी गेली. बावीस वर्षांत त्या गल्लीत गाडीशिवाय ती पहिल्यांदाच उभी होती. कंपाउंडर बाहेर आला. तिनं सगळं सांगितलं.

"ती सुई माझी होती," तो म्हणाला. "मला साखरेचा त्रास आहे. रोज घेतो."

"काका, साखरेची सुई केसाएवढी असते. रोज बघते मी. ही जाड होती."

"आम्ही दोघंच राहतो इथे."

"तीन माणसं आहात, काका."

त्याचा चेहरा दगडासारखा झाला. तेवढ्यात वर कुणीतरी खोकलं. लांबलचक, आतून खरवडून काढल्यासारखा खोकला. कंपाउंडर एकदम मोठ्यानं बोलायला लागला, हवेबद्दल, पालिकेबद्दल, काहीतरीच, आणि खोकला थांबेपर्यंत बोलत राहिला. दाराच्या फटीत त्याची बायको उभी होती. तिनं बारकीकडे पाहिलं, मग जिन्याकडे पाहिलं, आणि दार लावून घेतलं.

"मला भांडायचं नाही," बारकी म्हणाली. "फक्त औषधाचं नाव हवंय."

"इथे कुणी नाही," कंपाउंडर म्हणाला.

तिला त्या वेळी राग आला नाही, भीती वाटली. समोरचा माणूस खोटं बोलतोय हे दोघांनाही कळत होतं, वरचा तिसराही ते ऐकत होता, आणि तरी तो नाहीच असं ठरलं होतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी फाटकाशी पिशवी होती आणि पिशवीशेजारी रुंद तोंडाची प्लास्टिकची बाटली. झाकणाला चिकटपट्टी गुंडाळलेली. वर पेन्सिलीनं लिहिलं होतं, 'सुया आहेत. हात लावू नका.' बाटलीला रबर लावून एक घडी केलेला कागद आणि तीन पट्ट्या अडकवल्या होत्या. पट्ट्यांवरची नावं शाबूत होती. कागदावर लिहिलं होतं, 'हे डॉक्टरांना दाखवा. खूण केलेलं औषध दोन वर्षांपूर्वी मला लागू पडेनासं झालं. तुमचं काय होतंय ते कळलं तर बरं वाटेल.' खाली सही नव्हती.

डॉक्टरणीनं पट्ट्या पाहिल्या, एक फोन केला आणि बारकीच्या गोळ्यांतली एक बदलली. "ज्यानं हे पाठवलं, त्यानं तुमच्यावर मोठे उपकार केलेत," ती म्हणाली. "त्यांना इथे घेऊन या ना. निदान नीट उपचार तरी करू."

"त्यांच्या घरी ते नाहीत," बारकी म्हणाली. याचा अर्थ डॉक्टरणीला कळला नाही आणि बारकीलाही समजावून सांगता आला नाही.

गोळ्यांनी तिच्या पोटात ढवळून यायचं. दुपारी जरा पडली की स्वप्नं पडायची. प्रत्येक स्वप्नात ती तिच्याच घरी असायची, आणि आतल्या खोलीत कुणीतरी असायचं. ती विचारायची, कोण आहे? नवरा म्हणायचा, कुणी नाही, आपण दोघंच. ती दचकून उठायची आणि मांडीवरचा ठिपका बघायची. ठिपका केव्हाच बुजला होता. तरी तिथून कुणीतरी आत आलंय, आपल्या अंगात बिऱ्हाड करून राहिलंय, असं तिला वाटत राहायचं.

नवऱ्याला तिनं काही सांगितलं नव्हतं. तो शिंपी होता, घरातच यंत्र होतं. त्यानं आठ दिवस नुसतं बघितलं. तिनं टॉवेल वेगळा केला, पेला वेगळा केला, अंथरूण भिंतीकडे सरकवलं. नवव्या दिवशी तो यंत्र थांबवून म्हणाला, "मी काय केलंय ते तरी सांग. माफी मागायची तर कशाची मागू?"

मग तिनं सांगितलं. यंत्राच्या चाकावर त्याचा हात तसाच होता.

"सुया तर मलाही टोचतात," तो शेवटी म्हणाला. "चाळीस वर्षं टोचतायत. पण ती आपली सुई. ही परक्याची." मग त्यानं तिचा पेला उचलला, त्यातलं उरलेलं पाणी तो प्यायला आणि पुन्हा शिवायला बसला. ती ओरडून थांबवायच्या आत पेला रिकामा झाला होता. पेल्यातल्या पाण्यानं काही होत नाही, असं डॉक्टरणीनं सांगितलं होतंच. पण ते खरं वाटलं ते तेव्हा.

चौकीत ही गोष्ट पसरली. हातपाय धुताना एकेक जण बोलायला लागला. एकानं तळवा दाखवला, एकीनं पोटरी. मला दोनदा. मला काच आणि सुई दोन्ही. कुणीच कधी कळवलं नव्हतं, कारण मुकादम पट्टी बांधा म्हणायचा. आणि मग कुणीतरी 'पैलवान'ची आठवण काढली. त्यांच्यातलाच एक दांडगा गडी, पाच वर्षांपूर्वी हळदीसारखा पिवळा पडून महिन्याभरात गेला होता. दारूनं गेला, असं सगळे म्हणाले होते.

"तो दारू कुठे प्यायचा?" बारकीनं विचारलं.

नळ चालू होता. कुणीतरी तो बंद केला. त्या सगळ्यांनी मिळून पाच वर्षं एका मेलेल्या माणसाला दारुड्या ठरवलं होतं, आणि आता तो जणू दारात उभा राहून ऐकत होता. दुसऱ्या दिवशी ड्रायव्हर पंधरा जणांना घेऊन दवाखान्यात लस मागायला गेला. लस मिळाली. जाड हातमोजेही आले, पण दोन महिन्यांनी.

पिवळ्या फाटकाशी मात्र वेगळंच काही चालू झालं होतं. बाटली दर आठवड्याला यायची, चिकटपट्टीनं बंद केलेली. बारकी ती वेगळी ठेवून दवाखान्यात द्यायची. चिठ्ठी आली त्यानंतरच्या एका सकाळी तिनं मान वर करून सरळ खिडकीकडे पाहिलं. पडदा बाजूला झाला आणि काचेवर एक पंजा टेकला. फिका, बोटं लांब. चेहरा अंधारात होता. बारकीनं हातमोजा काढून आपला हात वर केला. तेव्हापासून रोज असंच व्हायचं. ड्रायव्हर आरशातून बघायचा आणि गाडी जरा जास्त वेळ थांबवायचा. त्याबद्दल तो कधी काही बोलला नाही, आणि न बोलणं त्याच्या स्वभावात मुळीच नव्हतं.

सहा आठवड्यांची तपासणी चांगली आली. त्या दिवशी तिनं खिडकीकडे बघून अंगठा वर केला. काचेवरचा पंजा बराच वेळ तिथेच राहिला.

नंतर पंजा उशिरा यायला लागला. मग एक दिवसाआड. पिशवी हलकी होत गेली. एका सोमवारी बाटली आली नाही, खिडकीत कुणी नव्हतं. मंगळवारी, बुधवारी, कुणी नाही. गुरुवारी फाटकाशी गुंडाळलेली गादी होती, दोरीनं बांधलेली, आणि तिच्यावर कपड्यांची एक पिशवी. गल्लीतली एक बाई दारातून म्हणाली, "जुनं सामान काढलं वाटतं काकांनी." कुठे रडणं नव्हतं, कुणी जमलेलं नव्हतं. कंपाउंडर फाटकात उभा होता. बारकीनं त्याच्याकडे पाहिलं. तो म्हणाला, "गादी खराब झाली होती."

ड्रायव्हर उतरून आला. दोघांनी मिळून गादी उचलली. ती हलकी होती आणि तिच्यात मधोमध एका माणसाएवढा खळगा होता. दांडा ओढायचं काम बारकीचं. तिचा हात दांड्यावर गेला आणि तिथेच थांबला.

"मी ओढतो," ड्रायव्हर म्हणाला.

"नको," ती म्हणाली, आणि तिनं ओढला. पाटी खाली आली. कंपाउंडर वळून घरात गेला. पायरीवर त्याचा पाय चुकला, त्यानं भिंतीला धरलं.

तीन महिन्यांची शेवटची तपासणीही चांगली आली. डॉक्टरीण हसून म्हणाली, "सुटलात." नवऱ्यानं तिच्यासाठी नवा पायजमा शिवला, दुहेरी कापडाचा. सगळे म्हणत होते सुटलीस, आणि ती हो म्हणत होती. पण दुपारची स्वप्नं गोळ्या संपल्यावरही थांबली नव्हती. आता स्वप्नात ती स्वतः वरच्या खोलीत असायची आणि खाली तिचंच घर म्हणायचं, इथे कुणी नाही.

एका दुपारी कंपाउंडरची बायको चौकीवर आली. बाकीचे घरी गेले होते, बारकी झाडू धूत होती. बाई बाकावर टेकली.

"तुझा रिपोर्ट?"

"चांगला आला, काकू. सगळं चांगलं."

बाईनं डोळे मिटले. "रोज विचारायचा. शेवटचे दोन दिवस आम्हाला ओळखत नव्हता, तरी विचारायचा, त्या बाईचं काय झालं." जरा थांबून ती म्हणाली, "चिठ्ठी मी ठेवली होती. यांना न सांगता. यांच्यावर राग धरू नकोस. चाळीस वर्षं लोकांना सांगत आले, सुई उघडी टाकू नका. आणि घरची सुई दवाखान्यात द्यायची तर कुणाची म्हणून सांगणार? आता ज्या हातानं ती सुई टाकली, तो हातच रात्रंदिवस बघत बसतात."

बारकी तिच्याशेजारी बसली.

"तुला त्याच्याबद्दल काय काय माहीत आहे?" बाईनं विचारलं.

"मी तर त्यांना धड पाहिलंही नाही, काकू."

"तरी सांग. दुसऱ्या कुणाला विचारू? लोक विचारतात, परदेशात बरा आहे ना. मी हो म्हणते."

मग बारकीनं सांगितलं. संत्र्याची साल ते एका अखंड पट्टीत सोलायचे. पेन्सिली अगदी नखाएवढ्या होईपर्यंत वापरायचे. एकदा पिशवीत केकवरच्या आकड्यांच्या मेणबत्त्या होत्या, तीनचा आकडा आणि चारचा. थंडीत त्यांचं जेवण वाढलं होतं, फळांच्या साली दुप्पट यायच्या. बाई प्रत्येक गोष्टीला मान हलवत होती. "उद्या येऊ?" तिनं जाताना विचारलं.

ती आली. परवाही आली. बारकी आठवून आठवून सांगायची. पण कचऱ्यातून माणूस किती सापडणार? दहा-बारा दिवसांत सगळं सांगून संपलं. बाई बाकावर बसून वाट बघत राहिली. बारकीला तो चेहरा बघवेना. ती म्हणाली, "एकदा गाडीला उशीर झाला होता. खिडकी जराशी उघडी होती. ते शीळ वाजवत होते."

"त्याला शीळ वाजवता येत नव्हती," ती म्हणाली.

बारकीच्या हातातला झाडू ठिबकत होता. बाईनं तिच्याकडे पाहिलं, खूप वेळ पाहिलं, आणि मग हळूच मान हलवली.

"शिकला असेल," ती म्हणाली. "वर वेळ खूप होता त्याला."